मंदी आली की श्रीमंत देश खर्च वाढवतात आणि गरीब देश कापतात, असं उलटं का?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, अर्थशास्त्र माझा विषय नाही त्यामुळे जरा सोप्या भाषेत सांगितलंत तर बरं होईल. कॉलेजात शिकलो होतो की मंदी आली, लोकांनी खर्च थांबवला की सरकारने खर्च वाढवायचा, तेवढ्यापुरती तूट सोसायची आणि बरे दिवस आले की ती भरून काढायची. अर्थशास्त्रज्ञ केन्सचं नाव घेऊन सगळे हेच सांगतात. २००८-०९ ला अमेरिकेने हेच केलं, २०२० मध्ये तर झाडून सगळ्या श्रीमंत देशांनी केलं, कुठे लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकले, कुठे कंपन्यांना पगारासाठी पैसे दिले. पण आफ्रिका, लॅटिन अमेरिका, दक्षिण आशियातल्या देशांच्या बातम्या वाचल्या की नेमकं उलटं दिसतं. संकट आलं की तिथलं सरकार खर्च कापतं, सबसिडी काढतं, कर वाढवतं, भरती बंद करतं. म्हणजे लोकांना सरकारची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच सरकार हात आखडता घेतं!

हे आयएमएफच्या (संकटात देशांना अटींवर कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) दबावाने होतं का, की राज्यकर्तेच बेजबाबदार असतात, की पुस्तकातलं अर्थशास्त्र तिथे लागूच पडत नाही? आणि दुसरं म्हणजे स्वतःचं चलन आहे, स्वतःची मध्यवर्ती बँक आहे, तर नोटा छापून का भागवत नाहीत? मनापासून समजून घ्यायचंय, कारण अशा कपातीत पहिला बळी शाळा आणि दवाखान्यांचा जातो.

जमाखर्च:
प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

तुम्ही जे उलटं चित्र बघताय त्याला प्रोसायक्लिकल खर्च म्हणतात, म्हणजे तेजीत सढळ हाताने खर्च आणि मंदीत कपात. हा तुमचा भास नाहीये. कामिन्स्की, राइनहार्ट आणि वेग या तीन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये शंभरावर देशांची १९६० पासूनची आकडेवारी तपासली आणि विकसनशील देशांमध्ये हेच सर्रास दिसतं असं दाखवून दिलं. २०२० मध्ये हाच फरक ढळढळीत समोर आला. आयएमएफच्याच हिशेबात श्रीमंत देशांनी जादा खर्च आणि करसवलती मिळून जीडीपीच्या साधारण १६ टक्के रक्कम लावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांनी ४ टक्क्यांच्या आसपास आणि सगळ्यात गरीब देशांनी २ टक्क्यांपेक्षाही कमी. आजार एकच होता आणि गरीब देशांचा जीडीपीच मुळात छोटा, म्हणजे माणशी किती आले ते तुम्हीच बघा.

आता का. पहिलं कारण म्हणजे कर्ज देणारे. तांबं, तेल, कॉफी असल्या मालाचे भाव चढे असतात तेव्हा जगभरचे फंड या देशांच्या मागे लागून कर्ज देतात, आणि भाव पडले की तेच फंड रातोरात पाठ फिरवतात. अमेरिकेचं उलटं आहे, जगात काहीही बिघडलं, अगदी खुद्द अमेरिकेतच बिघडलं तरी लोक डॉलरचे रोखे, म्हणजे अमेरिकी सरकारची कर्जपत्रं, घ्यायला धावतात, म्हणजे संकटात त्यांना कर्ज स्वस्त होतं आणि बाकीच्यांना महाग. पुस्तकातला केन्स हे गृहीत धरतो की मंदीत सरकारला कर्ज मिळेल. ते मिळालंच नाही तर पुढचं सगळं तिथेच संपतं.

दुसरं कारण चलनाचं. आयकेनग्रीन आणि हाउसमन यांनी १९९९ मध्ये याला मूळ पाप असं नाव दिलं होतं. बहुतेक विकसनशील देशांना परदेशातून स्वतःच्या चलनात कर्ज मिळत नाही, डॉलरमध्येच घ्यावं लागतं. संकट आलं की चलन घसरतं, आणि चलन घसरलं की काहीही नवीन कर्ज न काढता जुनंच कर्ज फुगतं, कारण कर गोळा होतो स्थानिक चलनात आणि हप्ता जातो डॉलरमध्ये. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. श्रीलंकेत २०२२ च्या मार्चच्या सुरुवातीला एका डॉलरला २०० च्या आसपास रुपये पडत होते, मे महिन्यापर्यंत ३६० च्या घरात गेले. सरकारने एक पैसा जादा खर्च केला नाही असं धरलं तरी डॉलरमधल्या कर्जाचं ओझं रुपयांत मोजलं तर पाऊणपट वाढलं.

राज्यकर्त्यांचा दोष आहेच, तेजीत पैसा हातात आला की तो बाजूला ठेवायला कुणी तयार नसतं. पण नुसतं बेजबाबदारपणा म्हणून सोडून दिलं तर अर्धी गोष्ट सुटते.

आडनाव_नको:
जमाखर्च यांच्याशी सहमत, पण मला वाटतं याच्याही आधीचा प्रश्न महसुलाचा आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात जीडीपीच्या सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास कर गोळा होतो, गरीब देशांत तोच १० ते १५ टक्के, काही ठिकाणी त्याहून कमी. आयएमएफच्या काही अर्थतज्ज्ञांनी जुनी आकडेवारी तपासून असं मांडलं होतं की करवसुली जीडीपीच्या साधारण १३ टक्क्यांच्या वर गेली की त्यानंतरच्या वर्षांत वाढ चांगली होते. तो आकडा दगडावरची रेघ नाही, पण त्याच्या खाली पगार, पेन्शन, व्याज भागवल्यावर हातात काहीच उरत नाही हे तर दिसतंच आहे.

आणि हा कर वाढवणं सोपं नाही. बहुतेक लोक शेती, छोटी दुकानदारी, रोजंदारी यांत, पगाराची स्लिप नाही, बँकेत व्यवहार नाही, तर इन्कम टॅक्स कुणाकडून घेणार? म्हणून हे देश व्हॅट आणि आयातकरावर अवलंबून असतात, आणि मंदीत विक्री आणि आयात दोन्ही पडली की महसूल लगेच कोसळतो.

श्रीलंकेचं उदाहरण इथेही लागू पडतं. २०१९ च्या शेवटी तिथे व्हॅट एका झटक्यात १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, बाकीचेही कर कापले. काही महिन्यांत कोविड आला, पर्यटन बंद पडलं, आणि करवसुली जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपली. त्या काळात सरकारच्या महसुलातला बहुतांश भाग नुसत्या व्याजात जात होता. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि मग २०२४ च्या जानेवारीपासून व्हॅट १८ टक्के. म्हणजे लोकांना दिलेली सूट ते संकटातून सावरायच्या आतच वाढवून परत वसूल केली. मला याचा खरंच राग येतो, कारण ८ टक्के व्हॅट असताना ज्याचा मोठा खर्च होता त्याला मोठी सूट मिळाली, आणि १८ टक्के झाल्यावर रोजच्या कमाईतलं सगळंच खर्चावं लागतं त्या घराला सगळ्यात जास्त टोचलं.

खुली_खिडकी:
आयएमएफला इतक्या सहज सोडू नका राव. १९९७-९८ च्या आशियाई संकटात थायलंड, दक्षिण कोरिया, इंडोनेशिया यांची सरकारं काही उधळपट्टी करत नव्हती, अर्थसंकल्प जवळपास संतुलित किंवा शिलकीचे होते, गडबड खाजगी बँका आणि कंपन्यांच्या परदेशी कर्जाची होती. तरी आयएमएफने सुरुवातीला सरकारी खर्चाला कात्री लावायला सांगितलं. मागणी आधीच मेलेली, त्यात ही कपात. नंतर त्यांच्याच अंतर्गत मूल्यमापनात हे धोरण गरजेपेक्षा कडक होतं असं निघालं. २०१३ मध्ये त्यांचेच मुख्य अर्थतज्ज्ञ ब्लँचर्ड आणि त्यांचे सहकारी ली यांनी कबूल केलं की युरोपात कपातीचा फटका किती बसेल याचे अंदाज फार कमी धरले गेले होते. युरोपाच्या बाबतीत निदान कबुली आली, झांबिया-मलावीसारख्या देशांचे अंदाज कोण तपासतंय?

आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये आयएमएफने ६५० अब्ज डॉलरचे एसडीआर (गरज पडली तर डॉलरसारख्या चलनात बदलून घेता येणारी राखीव मालमत्ता) वाटले, ते कोट्यानुसार, म्हणजे ज्याची अर्थव्यवस्था मोठी त्याला जास्त. सगळ्यात गरीब देशांच्या गटाला त्यातले २१ अब्जच्या आसपास मिळाले. गरज कुणाला होती आणि पैसा कुठे गेला!

जमाखर्च:
@खुली_खिडकी, आशियाबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की आयएमएफ येतो तेव्हा बाकी सगळे निघून गेलेले असतात, त्या क्षणी कर्जच मिळालं नाही तर कपात आणखी कडक आणि एका रात्रीत होते, श्रीलंकेत पेट्रोलच्या रांगा आयएमएफचा करार होण्याच्या आधीच लागल्या होत्या. तुमचा खरा मुद्दा मला वेगळ्या ठिकाणी दिसतो, तो म्हणजे कर्जमाफी आणि कर्जाची पुनर्रचना (मुदत, व्याज नव्याने ठरवणं) इतकी उशिरा का होते. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकवला, सरकारी कर्जदात्यांशी तत्त्वतः समझोता जून २०२३ मध्ये आणि रोखेधारकांशी तडजोड २०२४ मध्ये. या साडेतीन वर्षांत नवीन रस्ता, नवीन दवाखाना यासाठी पैसा आणायचा कुठून? एकीकडे पाश्चात्त्य देशांची सरकारं, दुसरीकडे चीन, तिसरीकडे खाजगी फंड, आणि प्रत्येक जण म्हणतोय आधी दुसऱ्याने सोडावं. या उशिराची किंमत कर्ज देणारे भरत नाहीत.

दौतटाक:
नोटा छापण्याच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितेय.

नोटा छापून सरकार देशातली माणसं, देशातली वाळू-विटा विकत घेऊ शकतं. पण इंधन, औषधं, खतं, यंत्रांचे सुटे भाग हे डॉलर दिल्याशिवाय मिळत नाहीत आणि डॉलर छापता येत नाहीत. खर्च वाढला की त्यातला बराच भाग आयातीत जातो, चलनावर दबाव येतो, महागाई येते. त्यात अजून एक गोष्ट घडते जी फारशी कुणी सांगत नाही, तिला ऑलिव्हेरा-तांझी परिणाम म्हणतात. कर लागतो आज पण सरकारच्या हातात पडतो काही महिन्यांनी, महागाई जोरात असेल तर तोवर त्या पैशाची किंमत उडालेली असते, म्हणजे तूट भरायला नोटा छापल्या आणि त्याच नोटांमुळे तूट आणखी वाढली, मग आणखी छापा. १९८० च्या दशकातल्या बोलिव्हियात हे चक्र इतकं फिरलं की १९८५ पर्यंत करवसुली जवळपास नाहीशीच झाली होती. झिंबाब्वेत २००८ मध्ये नोटा छापून महागाई कशी आकाशाला भिडली ते तर सगळ्यांना माहीत आहे.

पण याचा अर्थ मध्यवर्ती बँकेने कधीच मदत करू नये असा नाही हं. २०२० मध्ये बँक इंडोनेशियाने सरकारचे रोखे थेट विकत घेतले, व्याजाचा भारही वाटून घेतला, आणि महागाई आटोक्यात राहिली, कारण त्याआधी बरीच वर्षं तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम पाळला होता आणि लोकांचा विश्वास होता की हे तेवढ्यापुरतं आहे. घानाने २०२२ मध्ये बाजारातून कर्ज मिळेना म्हणून मध्यवर्ती बँकेचाच आधार घेतला आणि डिसेंबरमध्ये महागाई ५४ टक्क्यांवर गेली. कृती दिसायला सारखीच, फरक होता तो संकट यायच्या आधी त्या देशाने काय साठवून ठेवलं होतं त्याचा.

मोजपट्टी:
सगळे किती खर्च यावर बोलताय, पण कापतात काय आणि पोचतं काय हे जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

पगार कापले तर संप होतो, व्याज चुकवलं तर दिवाळखोरी. मग उरतं काय, नवीन बांधकाम आणि दुरुस्ती. दुरुस्ती कापली की त्या वर्षी कुणालाच काही कळत नाही आणि म्हणूनच ती पहिली कापली जाते. जागतिक बँकेने १९९४ मध्ये हिशेब मांडला होता की आधीच्या दहा वर्षांत आफ्रिकेत रस्त्यांच्या देखभालीवर वेळेवर १२ अब्ज डॉलर खर्च केले असते तर पुन्हा रस्ते बांधायचे ४५ अब्ज वाचले असते. कागदावर १२ अब्जची बचत दिसते आणि प्रत्यक्षात ते न नोंदलेलं कर्ज असतं, तेही भयंकर व्याजाचं. अर्धवट कामांचंही तेच. घानातल्या स्थानिक सरकारांच्या कामांवर मार्टिन विल्यम्स यांचा अभ्यास आहे, सुरू झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश कामं कधीच पूर्ण होत नाहीत. छत नसलेल्या शाळेवर झालेला खर्च अर्थसंकल्पात खर्च म्हणूनच लागतो, पण त्या भिंतींचा मुलांना काय उपयोग?

पोचण्याबद्दल युगांडाचं उदाहरण बघा. १९९१ ते ९५ या काळात प्राथमिक शाळांना पगाराव्यतिरिक्त जे अनुदान केंद्र सरकार पाठवत होतं त्यातलं सरासरी फक्त १३ टक्के शाळांपर्यंत पोचत होतं, बाकीचं मधल्या जिल्हा पातळीवर गडप. राइनिका आणि स्वेन्सन यांनी शाळाशाळांत जाऊन हे मोजून काढलं. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली, शाळेच्या दारावर लावायला लावलं, आणि काही वर्षांत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. याचं सगळं श्रेय छापील आकड्यांना देऊ नये, त्याच काळात निधी देण्याची पद्धतही बदलली होती. पण विचार करा, १३ टक्के पोचत असताना कुणी शिक्षणाचा खर्च दुप्पट केला असता तर शाळेला काय मिळालं असतं, दोनशेतले २६!

त्यामुळे सरकारी खर्चाने अर्थव्यवस्था किती हलते याचं एकच एक उत्तर नसतं. आर्ट क्रे यांनी जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या खर्चाचा मल्टिप्लायर काढला तो ०.५ च्या आसपास, म्हणजे एक रुपया खर्चून उत्पन्न अर्धाच रुपया वाढलं. आणि केनियात गावातल्या गरीब घरांना थेट रोख दिली तेव्हा तोच आकडा २.५ च्या आसपास आला, शेजारच्या ज्या घरांना काहीच मिळालं नव्हतं त्यांचंही उत्पन्न वाढलं आणि महागाई नगण्य. ती रोख एका संस्थेची होती आणि पैसा बाहेरून आला होता, सरकारला तो करातून काढावा लागला असता, हा फरक लक्षात ठेवायलाच हवा. तरी ज्या भागात दुकानं, गिरण्या, हात रिकामे बसलेत तिथे खर्चाचा जोर जास्त, आणि जिथे माल परदेशातून आणावा लागतो तिथे कमी, एवढं त्यातून नक्की दिसतं.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. दोनच गोष्टी विचारतो. एक, या चक्रातून कुणी बाहेर पडलंय का? दोन, डॉलरचं कर्ज हाच रोग असेल तर आपल्याच चलनात, आपल्याच लोकांकडून कर्ज घेतलं की प्रश्न मिटतो का?

जमाखर्च:
पहिल्याचं उत्तर हो. फ्रँकेल, वेग आणि वुलेटिन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की साधारण एक तृतीयांश विकसनशील देश २००० नंतर या उलट्या चक्रातून बाहेर पडले. माझं आवडतं उदाहरण चिलीचं. २००१ पासून त्यांनी नियम केला की खर्च चालू महसुलावर ठरवायचा नाही, तांब्याचा दीर्घकाळचा भाव धरून जेवढा महसूल आला असता त्यावर ठरवायचा, आणि तो दीर्घकाळचा भाव मंत्र्यांनी नाही तर बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने सांगायचा. २००६ च्या सुमारास तांबं भडकलं, तिजोरी भरली, रस्त्यावर विद्यार्थी शिक्षणासाठी पैसा मागत होते आणि अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को पैसे बाजूला टाकत होते, लोकांच्या शिव्या खात. मग २००८ चं संकट आलं, तांबं कोसळलं, आणि जानेवारी २००९ मध्ये चिलीने ४ अब्ज डॉलरचं पॅकेज काढलं, तेही बाहेर हात न पसरता. तुमच्या पुस्तकातला केन्स तिथे जसाच्या तसा लागू पडला. विद्यार्थ्यांची मागणी चुकीची होती असं मला मुळीच वाटत नाही, शिक्षणावर कायमचा खर्च वाढवायचा तर त्यासाठी कायमचा कर हवा, तांब्याच्या चढ्या भावावर तो उभा करता येत नाही, एवढंच.

आडनाव_नको:
जमैकाही सांगा त्यात. तिथे तांबं नाही, तेल नाही, २०१३ च्या सुमारास कर्ज जीडीपीच्या १४० टक्क्यांच्या आसपास, आणि दहा वर्षांत ते जवळपास निम्म्यावर आलं. त्यासाठी व्याज सोडून जीडीपीच्या साडेसात टक्के शिल्लक काढायचं लक्ष्य ठेवलं होतं, जे भयानक कठीण आहे आणि लोकांनी खूप सोसलं. पण उद्योजक, बँका, कामगार संघटना यांची एक देखरेख समिती होती जी आकडे तपासून जाहीर सांगायची, सरकार बदललं तरी कार्यक्रम बदलला नाही. सोसायचंच आहे तर निदान सगळ्यांसमोर हिशेब मांडून, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं.

दौतटाक:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, बऱ्याच अंशी हो पण पूर्ण नाही. मेक्सिकोने १९९४ मध्ये डॉलरशी बांधलेले अल्पमुदतीचे रोखे विकले होते, तेसोबोनोस नावाचे, आणि पेसो कोसळल्यावर तेच गळ्याशी आले. २००३ पर्यंत तोच देश २० वर्षांचे रोखे पेसोमध्ये विकायला लागला होता. महागाई खाली आणून तिथेच ठेवली, देशात पेन्शन फंड उभे राहिले, तेव्हा कुठे लांब मुदतीचं कर्ज स्वतःच्या चलनात मिळायला लागलं. ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका यांचंही बरंचसं कर्ज आता स्वतःच्या चलनात आहे.

अडचण अशी की हे स्थानिक रोखे परदेशी फंडही घेतात, आणि संकटात ते विकून निघाले की चलन पडतंच आणि व्याजदर चढतोच, २०२० च्या मार्चमध्ये तेच झालं. आणि परदेशी नसले, सगळे रोखे देशातल्या बँकांकडेच असले, तर सरकार बुडालं की बँकाही बुडतात. घानात २०२२-२३ च्या पुनर्रचनेत देशातल्याच रोख्यांची मुदत वाढवली, व्याज कापलं, आणि मोठा तोटा बसला तो तिथल्या बँकांना. निवृत्तीनंतरची बचत रोख्यांत ठेवलेल्या लोकांनी अर्थखात्याच्या दारात निदर्शनं केली, तेव्हा कुठे त्यांना त्यातून वगळलं. शिवाय बँकांना सरकारी रोख्यांवर बसल्या जागी भरपूर व्याज मिळत असेल तर त्या छोट्या उद्योगाला कर्ज द्यायची तसदी कशाला घेतील? त्यामुळे कुठल्याही देशाचं कर्ज बघताना एकूण आकड्याच्या आधी मी तीन गोष्टी बघते, कुठल्या चलनात आहे, किती वर्षांत फेडायचंय आणि कुणाच्या हातात आहे. जपानचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे तरी चाललंय, आणि घाना त्याच्या निम्म्याहूनही कमी असतानाच अडकला.